कोडाच्या पांढऱ्या डागात रंग केसांच्या मुळांभोवतीच आधी का परततो?

प्रश्न : वैशाली, सातारा

नमस्कार. माझ्या आईला (वय 58) काही वर्षांपासून कोड आहे. डाग पोटरीवर, मनगटाच्या वरच्या बाजूला आणि दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांवर आहेत. कपाळावर टिकलीच्या जागीही अलीकडे एक लहान डाग दिसू लागला आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिची अतिनील किरणांची फोटोथेरपी चालू आहे, शिवाय लावायला मलम दिले आहे.

पोटरीवरचा डाग पूर्वी सलग पांढरा होता. आता त्यात टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके उमटले आहेत. भिंगातून पाहिले तेव्हा जवळजवळ प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक केस दिसला. काही ठिपके ओल्या कापडावरच्या शाईच्या थेंबासारखे हळूहळू रुंद होत आहेत. मनगटावर मात्र फारसा फरक नाही, आणि बोटांच्या टोकांवर तर काहीच नाही.

डॉक्टरांनी ही चांगली खूण असल्याचे सांगितले, परंतु गर्दीमुळे सविस्तर विचारता आले नाही. म्हणून येथे विचारते. हा रंग केसांतून त्वचेत झिरपतो, की रंग तयार करणाऱ्या पेशीच तेथून बाहेर पडून सरकत जातात? पेशी सरकत असतील, तर त्या बोटांपर्यंत का पोहोचत नाहीत? आणि एकाच व्यक्तीच्या एका डागात सुधारणा होते, दुसऱ्यात होत नाही, याचे कारण काय असावे?


उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक

वैशालीताई, तुम्ही भिंगातून जे पाहिले, त्याच्याकडे आम्ही प्रत्येक तपासणीत मुद्दाम लक्ष देतो. रंग झिरपत नाही, पेशी सरकतात, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर. मात्र त्वचेत दोन वेगवेगळ्या हालचाली चालू असतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे सगळेच अवघड होऊन बसते, म्हणून आधी त्या वेगळ्या करून सांगतो.

आपल्या त्वचेच्या बाह्यस्तराच्या अगदी तळच्या थरात मेलॅनोसाइट, म्हणजे रंगपेशी, विखुरलेल्या असतात. त्या तळच्या थरात साधारण दहा सामान्य पेशींमागे एक रंगपेशी असते. तिला लांब, फांद्या फुटलेले हात असतात आणि त्या हातांनी ती आसपासच्या सुमारे 36 केरॅटिनोसाइट पेशींना, म्हणजे त्वचेच्या सामान्य पेशींना, मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण पुरवते. हे कण घेतलेल्या पेशी वर वर सरकत जातात, मरतात आणि शेवटी त्वचेवरून झडून जातात. म्हणजे रंगाचे कण रोज प्रवास करतात, पण कण बनवणारी पेशी एरवी आपल्या जागी घट्ट बसलेली असते. शेजारच्या पेशींशी तिला बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते, आणि निरोगी त्वचेत हे बंधन सहसा सुटत नाही.

कोडामध्ये शरीराच्याच संरक्षक टी-पेशी या रंगपेशींवर हल्ला करून त्यांना नष्ट करतात. डाग पूर्ण पांढरा होतो तेव्हा तळच्या थरात बहुधा एकही काम करणारी रंगपेशी उरलेली नसते. अशा जागी नुसते कण येऊन भागत नाही, कारण महिन्या-दीड महिन्यात ते झडून जातील आणि डाग पुन्हा पांढरा होईल. तेथे नवी पेशीच यावी लागते. ती कोठून येणार? एक तर डागाच्या कडेवरच्या निरोगी त्वचेतून, किंवा डागाच्या आतील केसांच्या मुळांतून.

केसाचे मूळ त्वचेत खोलवर रुतलेले असते. त्याच्या बाहेरच्या आवरणात, केस उभा करणारा बारीक स्नायू जेथे चिकटतो त्या फुगवट्याजवळ, रंगपेशींच्या मूलपेशी असतात. त्या स्वतः रंग बनवत नाहीत, आणि केसाच्या मुळाच्या त्या भागाला टी-पेशींपासून काहीसे संरक्षणही असते. त्यामुळे वरची त्वचा पांढरी पडली तरी हा साठा पुष्कळदा शाबूत राहतो. अतिनील किरणांमुळे एकीकडे टी-पेशींचा हल्ला मंदावतो, आणि दुसरीकडे त्वचेच्या सामान्य पेशी एंडोथेलिन, स्टेम सेल फॅक्टर यांसारखे संदेश सोडू लागतात. हे संदेश मिळाल्यावर मूलपेशींपासून झालेल्या तरुण रंगपेशी केसाच्या आवरणातून वर चढतात, भोवतालचे जाळे विरघळवणारी विकरे वापरून वाट काढतात, त्वचेच्या तळच्या थरात पोहोचतात आणि मग चहूबाजूंना पसरू लागतात. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी 2013 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हा प्रवास दाखवून दिला: जखम झाल्यावर किंवा अतिनील किरण पडल्यावर केसातील रंगपेशींच्या मूलपेशी थेट बाह्यस्तरात जातात. ठिपक्याच्या मधोमध केस का असतो, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

बोटांच्या टोकांचा प्रश्नही येथेच सुटतो. तेथे केस नाहीत, तळहातावर आणि तळपायावर नाहीत, ओठांच्या लाल भागावर नाहीत. म्हणून या जागा उपचारांना फार कमी दाद देतात. तेथे पेशी फक्त कडेकडून येऊ शकतात, आणि कडेकडून होणारे स्थलांतर काही मिलिमीटरांवर थांबते. याउलट चेहऱ्यावर बारीक लव दाट असल्यामुळे तेथील डाग सहसा सर्वांत चांगले भरून येतात. मनगटावरच्या डागाबद्दल एक गोष्ट पाहून सांगा: त्या डागातील केस काळे आहेत की पांढरे?


उत्तर : प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

डॉक्टरांनी जे सांगितले त्याला एक जुनी आणि मला अतिशय प्रिय असलेली पार्श्वभूमी आहे. "रंग झिरपतो की पेशी सरकतात?" हा वैशालीताईंचा प्रश्न विज्ञानात खरोखर वादाचा विषय होता, आणि तो सुटायला बरीच वर्षे लागली.

1940 च्या दशकात इंग्लंडमध्ये रूपर्ट बिलिंगहॅम आणि पीटर मेडावर हे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या गिनीपिगवर काम करीत होते. त्यांनी एकाच प्राण्याच्या काळ्या भागातील त्वचेचा तुकडा त्याच्याच पांढऱ्या भागात बसवला. तुकडा रुजला, आणि काही काळाने त्याच्या भोवतालची पांढरी त्वचा कडेपासून बाहेर बाहेर काळी होत गेली. पांढऱ्या त्वचेचा तुकडा काळ्या भागात बसवला, तर तोही काळा होई. पांढऱ्या त्वचेत फांद्या असलेल्या रंगहीन पेशी दिसत असत, आणि त्या म्हणजे रंग न बनवणाऱ्या रंगपेशीच होत, असा त्यांचा समज होता. म्हणून त्यांनी असे अनुमान मांडले की काळी पेशी शेजारच्या पांढऱ्या पेशीला कसला तरी कण देते, आणि संसर्ग व्हावा तशी ती पांढरी पेशी कायमची काळी होते. 1947 आणि 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत हा विचार मोठ्या ताकदीने मांडलेला आहे. आनुवंशिक गुण एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे असा जाऊ शकला असता, तर जीवशास्त्राचा बराच भाग नव्याने लिहावा लागला असता.

तसे नव्हते. त्या रंगहीन, फांदीदार पेशी पुढे लँगरहान्स पेशी म्हणून ओळखल्या गेल्या. त्या संरक्षण यंत्रणेच्या पेशी आहेत, त्यांचा रंगाशी संबंध नाही. 1970 मध्ये स्वतः बिलिंगहॅम यांनीच विलिस सिल्व्हर्स यांच्यासह गिनीपिगच्या त्वचेतील रंगपेशींच्या स्थलांतरावर निबंध प्रसिद्ध केला. काळे होत जाणारे ते वलय म्हणजे तुकड्यातून बाहेर पडून पांढऱ्या त्वचेत वस्ती करणाऱ्या रंगपेशींचे वलय होते. एखादा सुंदर सिद्धान्त प्रयोगापुढे मागे पडतो आणि तो मांडणाऱ्यांपैकी एकजणच पुढचे उत्तर पुरवतो, हे मला मेडावर यांच्या 1960 च्या नोबेल पारितोषिकाइतकेच मोलाचे वाटते. (ते पारितोषिक प्रतिक्षमतेच्या सहिष्णुतेवरील, म्हणजे शरीर परक्या पेशी न नाकारता कसे स्वीकारते यावरील, वेगळ्या कामासाठी होते, पण त्वचेचे तुकडे बसवण्याचे त्यांचे कसब दोन्हीकडे कामी आले.)

रंगपेशीच्या अंगी हे फिरणे येते कोठून? तिचा जन्म मुळात त्वचेत होतच नाही. गर्भाच्या पाठीवर मज्जानलिका, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी, मिटते, तेव्हा तिच्या कडेच्या पेशी सुट्या होऊन निघतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात. त्यांतल्या काही चेतातंतू बनतात, काही चेहऱ्याची हाडे, आणि काही त्वचेखालून पाठीकडून पोटाकडे सरकत जाऊन रंगपेशी होतात. फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांनी 1969 पासून जपानी लावा पक्ष्याच्या गर्भातील हा भाग कोंबडीच्या गर्भात बसवण्याचे प्रयोग केले. लाव्याच्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखू येते, त्यामुळे कोणती पेशी कोठे पोहोचली हे नेमके शोधता येई. पण सर्वांत बोलका पुरावा उघड्या डोळ्यांना दिसणारा होता: पांढऱ्या जातीच्या कोंबडीच्या पिल्लाला तेवढ्या पट्ट्यात लाव्यासारखी रंगीत पिसे फुटत. पुढे 2009 मध्ये स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेतील गटाने दुसरा मार्गही दाखवला. त्वचेतील बऱ्याच रंगपेशी चेतातंतूंच्या आवरणातील पूर्वज पेशींपासून निपजतात, म्हणजे त्या नसांच्या सोबतीने त्वचेपर्यंत येतात.

हा प्रवास अर्धवट राहिला तर काय होते, हेही माणसांत दिसते. केआयटी या जनुकात दोष असला की पुरेशा रंगपेशी लांबचा पल्ला गाठू शकत नाहीत. मग कपाळावर पांढऱ्या केसांची बट आणि पोटाच्या, छातीच्या मध्यभागी जन्मतः पांढरा पट्टा राहतो. पाठीच्या कण्यापासून सर्वांत दूर असलेल्या जागाच पांढऱ्या राहतात, हे ध्यानात घ्या. याला पायबाल्डिझम म्हणतात. तो कोडापेक्षा अगदी निराळा आहे, कारण तेथे पेशी मुळात पुरेशा पोहोचलेल्याच नसतात. कोडात त्या पोहोचून, वर्षानुवर्षे काम करून मग नष्ट होतात.


प्रश्नकर्तीचे उत्तर : वैशाली, सातारा

दोघांचेही मनापासून आभार. सरांनी सांगितलेला गिनीपिगचा प्रयोग मी आईला वाचून दाखवला आणि तिने तो दोनदा वाचायला लावला.

डॉक्टर, आपण विचारलेले पाहिले. मनगटाच्या डागातील बहुतेक केस पांढरे आहेत. पोटरीवरच्या डागात मात्र केस काळेच आहेत. याचा अर्थ मनगटाची आशा सोडायची का? बोटांसाठी शस्त्रक्रियेचा काही उपयोग होतो का? आणि आमच्या एका नातेवाइकांनी बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा आग्रह धरला आहे, त्याविषयी आपले मत हवे आहे.


उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक

पोटरी आणि मनगट यांतला फरक केसांच्या रंगात आहे, असा माझा अंदाज होताच. डागातील केस पांढरे होणे म्हणजे केसाच्या मुळातील साठाही बराचसा संपला आहे. त्यामुळे तेथे केवळ किरणांनी आणि मलमाने रंग परतण्याची शक्यता कमी असते. आशा सोडावी असे मी म्हणणार नाही, कारण सगळे केस पांढरे नसतील तर उरलेल्या काळ्या केसांभोवती ठिपके येऊ शकतात. पण पोटरीशी मनगटाची तुलना करून आईंनी निराश होऊ नये.

येथे एक भारतीय अभ्यास सांगण्यासारखा आहे. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञांनी 2004 मध्ये 352 डागांमध्ये रंग कोणत्या प्रकारे परततो याची नोंद प्रसिद्ध केली. सोरॅलेन, म्हणजे त्वचेवर किरणांचा परिणाम वाढवणारे औषध, देऊन किरण दिलेल्या डागांत रंग मुख्यतः केसांभोवती ठिपक्यांनी आला, तर स्टिरॉइड मलमाने तो अधिककरून सलग, धूसर असा पसरला. सलग येणारा रंग लवकर दिसे, परंतु तो टिकण्याच्या बाबतीत ठिपक्यांनी आणि कडेकडून आलेला रंग सरस ठरला. म्हणून ठिपके सावकाश येत असल्याचे वाईट वाटून घेऊ नका.

शस्त्रक्रियेबद्दल. ज्या जागी केस नाहीत किंवा केस पांढरे आहेत, तेथे पेशी आपण बाहेरून नेऊन ठेवतो. पुढचे काम त्यांच्या स्थलांतराच्या क्षमतेवरच सोपवलेले असते. जुनी आणि साधी पद्धत मिनी पंचची. मांडीच्या किंवा कमरेच्या रंगीत त्वचेतून एक-दोन मिलिमीटरचे गोल तुकडे काढून ते डागात थोड्या थोड्या अंतरावर बसवतात, आणि प्रत्येक तुकड्याभोवती रंगाचे वलय वाढत जाऊन वलये एकमेकांना मिळतात. प्राध्यापकसाहेबांनी सांगितलेला गिनीपिगचा प्रयोग आणि ही शस्त्रक्रिया यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. दुसऱ्या पद्धतीत रंगीत त्वचेचा अतिशय पातळ पापुद्रा घेऊन ट्रिप्सिन या विकराने त्यातील पेशी सुट्या करतात आणि त्यांचे द्रावण डागाचा वरचा थर खरवडून त्यावर पसरतात. यात लहानशा पापुद्र्यातून त्याच्या कित्येक पट मोठा डाग झाकता येतो. पट्टी साधारण आठवडाभर ठेवतात. रंग दिसायला काही आठवडे आणि भरायला काही महिने लागतात.

बोटांची टोके या दोन्ही पद्धतींनाही अवघड जातात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तेथे त्वचा जाड असते, हालचाल सतत चालू असते आणि पट्टी टिकत नाही. शिवाय शस्त्रक्रियेची मुख्य अट रोग स्थिर असण्याची आहे: निदान वर्षभर नवा डाग आलेला नसावा आणि जुना वाढलेला नसावा. आईंच्या कपाळावर अलीकडे नवा डाग आला आहे, म्हणून आत्ता शस्त्रक्रियेचा विचार करू नये. टी-पेशींचा हल्ला चालू असताना नेऊन ठेवलेल्या पेशीही त्याला बळी पडतात.

त्या कपाळाच्या डागाविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल फिनॉल या जातीचे रसायन असू शकते आणि ते रंगपेशींना थेट विषारी असते. टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग आमच्या ओपीडीत वारंवार दिसतो, आणि कोड असलेल्या व्यक्तीत तेथून पुढे पसरण्याचा धोका अधिक असतो. चिकटणारी टिकली आजच बंद करा. आईंना हवे असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून साधे कुंकू लावता येईल. त्याचप्रमाणे परकराची नाडी कमरेला घट्ट बांधणे, घड्याळाचा आवळ पट्टा, अंग घासण्याचा दगड, हे सारे टाळावे. वर सांगितलेले ई-कॅडहेरिनचे बंधन कोड असलेल्यांच्या त्वचेत कमजोर आढळले आहे, त्यामुळे सतत घर्षण झाले की रंगपेशी आपल्या जागेवरून सुटतात आणि त्या रेषेत नवा डाग उमटतो. मनगटावर घड्याळ किंवा घट्ट बांगड्या असतील, तर त्याकडेही पाहा.

बावचीत सोरॅलेन असते, म्हणून ती निरुपयोगी नाही. सोरॅलेन आणि अतिनील किरण यांचा मेळ आधुनिक उपचारांतही वर्षानुवर्षे वापरला गेला. परंतु तेलात सोरॅलेन किती आहे आणि उन्हात किरण किती आहेत हे घरी मोजता येत नाही. बावची लावून उन्हात बसल्यामुळे मोठे फोड येऊन भाजलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी वाढू शकते. चालू फोटोथेरपीच्या जोडीला तर हा प्रयोग अजिबात करू नका.


उत्तर : पालक, ठाणे

हे सर्व वाचताना एक शंका आली. आमच्या तान्ह्या मुलीच्या कमरेखाली मोठा निळसर डाग आहे. सासूबाई म्हणतात की तो आपोआप जाईल. हाही रंगपेशींच्या प्रवासाचाच प्रकार आहे का?


उत्तर : प्राणिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर

आपल्या सासूबाईंचे म्हणणे बहुधा बरोबर ठरेल. पाठीकडून बाह्यस्तराकडे निघालेल्या काही रंगपेशी वाटेत, त्वचेच्या खोल थरातच थांबतात. मेलॅनिन खोलवर असले की प्रकाशाच्या विखुरण्यामुळे ते तपकिरी न दिसता निळसर दिसते. भारतीय बालकांत असे डाग पुष्कळ आढळतात आणि बहुतेक काही वर्षांत फिके होऊन जातात. तरी लसीकरणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्याची नोंद करून घ्या, म्हणजे पुढे कोणी त्याला मुका मार समजणार नाही.


प्रश्नकर्तीचे उत्तर : वैशाली, सातारा

टिकली बंद केली आहे, आणि मनगटावरच्या काचेच्या घट्ट बांगड्याही काढल्या आहेत. एक शेवटचा प्रश्न. पोटरीवरचे ठिपके एकमेकांना मिळून डाग भरला, की किरण थांबवता येतील का? एकदा येऊन बसलेल्या पेशी कायम राहतात ना?


उत्तर : त्वचारोगतज्ज्ञ, नाशिक

पेशी कायम राहण्याची खात्री देता येत नाही. डाग भरला तरी त्या जागेच्या त्वचेत जुन्या हल्ल्याची आठवण ठेवणाऱ्या काही टी-पेशी मुक्कामाला राहतात, आणि म्हणूनच कोड परतले तर पुष्कळदा आधीच्याच जागी परतते. किरण एकदम थांबवू नयेत. डॉक्टर सहसा पाळ्यांमधले अंतर हळूहळू वाढवत नेतात. भरलेल्या जागी टॅक्रोलिमसचे, म्हणजे टी-पेशींचा हल्ला दाबणाऱ्या औषधाचे, मलम आठवड्यातून दोनदा लावत राहिल्यास डाग परतण्याचे प्रमाण घटते, असे फ्रान्समधील एका अभ्यासात 2015 मध्ये दिसून आले आहे. आईंना ते चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दरम्यान, दर महिन्याला त्याच खोलीत, त्याच प्रकाशात, डागाशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढा. रोज पाहणाऱ्याला बदल जाणवत नाही, आणि पुढच्या भेटीत ठिपक्यांची संख्या आणि रुंदी डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवता येईल. कपाळाच्या डागाचेही वेगळे छायाचित्र काढून ठेवा, कारण टिकली बंद केल्यावर तो वाढायचा थांबतो की नाही, यावरून तो गोंदामुळे झाला की कोडाचाच भाग आहे, याचा अंदाज बांधता येईल.